वाचले पुष्कळ, बदलले काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही वाचकांना विनंती केली होती की, व्यक्तिमत्त्व विकास, श्रद्धा आणि नेतृत्व या विषयांवरील पुस्तकांतून घेतलेला एखादा धडा प्रत्यक्ष जगताना कोठे उपयोगी पडला आणि कोठे अडला, ते कळवावे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेक पत्रांचा सूर असा आहे की वाचन झाले, वाचलेले पटलेही, पण दिवस होता तसाच राहिला. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : मी मूळचा अहमदपूर तालुक्यातील असून लातूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. आमच्या अभ्यासिकेत व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके हातोहात फिरतात आणि मीही बरीच वाचली आहेत. पुस्तक संपते तेव्हा अंगात बळ येते, पहाटे उठायचे, मोबाइल बाजूला ठेवायचा असे ठरते, आणि चार-आठ दिवसांत सारे पूर्वपदावर येते. मग पुढचे पुस्तक आणतो. दोष पुस्तकांत आहे की माझ्यात?

उत्तर : दोष तुमच्या स्वभावात नाही आणि पुस्तकांतही पुरता नाही; तो वाचण्याच्या रीतीत आहे. या प्रकारच्या पुस्तकांचा जन्म कसा झाला हे पाहिले, तर तुमच्या अडचणीचे मूळ सापडते. सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली प्रसिद्ध झाले आणि स्वावलंबनावरील लेखनाची वाट त्याने रुळवली. त्याचे मूळ मात्र लीड्स शहरातील तरुणांसमोर स्माइल्स यांनी दिलेल्या व्याख्यानांत आहे. ते तरुण दिवसभर राबून संध्याकाळी आपणहून एकत्र जमत आणि ज्याला जे येते ते त्याने इतरांना शिकवावे, अशा रीतीने लिहिणे, वाचणे व हिशेब शिकत. डेल कार्नेगी यांचे माणसे जोडण्याविषयीचे १९३६ सालचे प्रसिद्ध पुस्तकही त्यांनी अनेक वर्षे घेतलेल्या प्रौढांच्या वर्गांतून तयार झाले. वर्गात ऐकलेली गोष्ट विद्यार्थी आपल्या दुकानात, कचेरीत, घरात करून पाहत आणि पुढच्या वेळी येऊन काय घडले ते सर्वांसमोर सांगत. आधी माणसे, मग प्रयोग, मग चर्चा आणि सर्वांत शेवटी पुस्तक, असा तो क्रम होता. आपल्या हाती शेवटची गोष्ट तेवढी येते आणि आपण ती खोलीचे दार लावून, एकट्याने, एका बैठकीत संपवतो.

म्हणून नवे पुस्तक आणणे तूर्त थांबवा. वाचलेल्यांपैकी जे सर्वांत अधिक पटले, तेच पुन्हा हाती घ्या आणि अभ्यासिकेतील तीन-चार मित्रांना सोबत घेऊन आठवड्याला एकच प्रकरण वाचा. प्रकरणातील कोणती गोष्ट कोणी, कधी आणि कोठे करायची ते त्याच वेळी ठरवा आणि पुढच्या आठवड्यात झाले ते व न झाले ते दोन्ही सांगा. पहाटे उठण्याचा निश्चय एकट्याने केला की तो मोडल्याचे कोणालाच कळत नाही; शेजारच्या खुर्चीवरचा मित्र वाट पाहत असेल तर पाय आपोआप अंथरुणाबाहेर पडतात. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालचा, आपल्याच जालना जिल्ह्यातील जांब गावचा. त्यांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खाच्या लक्षणांनी केला आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे वेगळी सांगितली. न शिकलेल्याची चूक समजण्यासारखी असते. परंतु जो वाचतो, इतरांना समजावून सांगतो आणि स्वतः मात्र त्याप्रमाणे वागत नाही, त्याच्यासाठी समर्थांना स्वतंत्र समास लिहावासा वाटला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक वाचकाने तो समास वर्षातून एकदा तरी वाचावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट. स्टीफन कोवी यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या सात सवयींच्या पुस्तकात काळजीचे वर्तुळ आणि प्रभावाचे वर्तुळ असा भेद केला आहे. तो तुमच्यासाठी फार उपयोगाचा आहे. वहीच्या एका पानावर उभी रेघ ओढा. डावीकडे जाहिरात कधी निघेल, जागा किती असतील, परीक्षा पुढे ढकलली जाईल काय, निकाल न्यायालयात अडकेल काय, या सर्व चिंता लिहा. उजवीकडे आज कोणता घटक पूर्ण करायचा, मागील वर्षांच्या कोणत्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, कोणत्या विषयाची उजळणी राहिली, झोप किती घ्यायची, हे लिहा. अभ्यासिकेच्या बाहेर चहाच्या टपरीवर होणारे बोलणे बहुतांशी डाव्या बाजूचे असते आणि त्यातच दुपार निघून जाते.

मात्र या पुस्तकांत सहसा न लिहिलेली एक बाब आम्ही सांगितली पाहिजे. जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित असतात, त्यामुळे ज्यांची निवड होत नाही त्या सर्वांची इच्छाशक्ती कमी पडली, असे म्हणणे अन्यायाचे आहे. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर कोणता मार्ग धरायचा, हे आजच घरच्यांशी बोलून ठरवा. तो मार्ग उजव्या बाजूलाच लिहायचा असतो, कारण तो पूर्णपणे तुमच्या हाती आहे.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका गावात महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. नेतृत्वावरील दोन पुस्तके मुलीने मला वाचून दाखवली, पण त्यांत सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी आहेत. आमच्या बैठकीत मी बोलते, सचिव लिहितात आणि बाकीच्या बाया माना डोलावतात. नंतर ओट्यावर मात्र वेगळेच बोलणे कानावर येते. बायांना बोलते कसे करावे?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न ज्या कंपन्यांच्या गोष्टी त्या पुस्तकांत आहेत, तेथील अधिकाऱ्यांचाही आहे, फरक इतकाच की त्यांच्याकडे तो सोडवायला पगारी माणसे असतात. तरीही पुस्तकांतील काही गोष्टी तुमच्या बैठकीत आजपासून करता येतील.

पहिली अगदी साधी. माणसाला स्वतःचे नाव फार प्रिय असते, ते लक्षात ठेवून त्या नावाने त्याला हाक मारावी, असे कार्नेगी सांगतात. आपल्याकडे गावात बाईला अमक्याची माय, तमक्याची सून म्हणूनच ओळखतात आणि कित्येक जणींचे स्वतःचे नाव आधार कार्ड काढतानाच काय ते उच्चारले जाते. तुमच्या बैठकीत हजेरी घेताना प्रत्येकीचे नाव पूर्ण उच्चारा आणि पुढे बोलतानाही त्याच नावाने हाक मारा. जिला नावाने विचारले जाते, तिला उत्तर द्यावेसे वाटते.

दुसरी गोष्ट कोवी यांची आहे : आधी समोरच्याचे समजून घ्यावे आणि मग आपले समजावून द्यावे. अध्यक्षांनी आरंभीच मत मांडले की बैठक तेथेच संपते, कारण त्यानंतर वेगळे बोलणे म्हणजे विरोध करणे ठरते. तेव्हा अंतर्गत कर्ज कोणाला द्यायचे हा विषय निघाला की तुम्ही शेवटी बोला. सुरुवात दर वेळी वेगळ्या बाईपासून करा आणि ती ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणाली तर ते उत्तर मानू नका. ‘तुमच्या मनात काय आहे’ असे पुन्हा विचारून थांबा. ही शांतता सुरुवातीला जड जाते. ती सहन करणे हेच तुमचे काम आहे.

या ठिकाणी आम्हांला ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील एक प्रसंग सांगावासा वाटतो. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना वादविवादासाठी बोलावले, तेव्हा नागसेनांनी विचारले की हा वाद पंडितांच्या रीतीने करायचा की राजांच्या? पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि जो ते मानत नाही त्याला दंड करतात. राजाने पंडितांची रीत स्वीकारली आणि म्हणूनच तो ग्रंथ उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. अध्यक्षपद ही लहान असली तरी सत्ताच असते, आणि तुमची बैठक कोणत्या रीतीने चालते, हे ओट्यावरच्या बोलण्यावरून बायांनी तुम्हांला कळवलेले आहे. त्या बोलण्याचा राग धरू नका. ते बोलणे बैठकीत आले की गट मजबूत होईल.

वहीविषयीही थोडे सांगतो. गटाची पंचसूत्री तुम्हांला पाठ असेल : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जाचा नियमित व्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. यातील लेखे एकाच बाईच्या हातात राहिले की उरलेल्या नऊ-दहा जणींना आपले पैसे कोठे आहेत हे विश्वासावर मानावे लागते, आणि ज्याची माहिती नाही त्याविषयी माणूस बोलत नाही. दर बैठकीच्या शेवटी त्या दिवशीची जमा, दिलेले कर्ज आणि शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा. बँकेत जाताना दर महिन्याला वेगळ्या दोघींना सोबत न्या आणि पावती त्यांच्याच हातून भरून घ्या. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली सेवक-नेत्याची कल्पना मांडताना कसोटी दिली होती की ज्यांची सेवा केली ती माणसे वाढतात का, अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र होतात का, ते पाहावे. बँकेत पहिल्यांदा पावती भरणाऱ्या बाईकडे पाहिले की ही कसोटी समजते.

आणि हे आपल्या भागात पूर्वी घडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. ज्या बायांनी त्याआधी सरकारी कचेरीची पायरी चढली नव्हती, त्यांनी अनुदानाचे हप्ते, साहित्य, भिंतीचे बांधकाम यांची माहिती घरोघरी पोहोचवली आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. त्यांच्यापाशी नेतृत्वाचे पुस्तक नव्हते. त्यांच्यावर काम सोपवले गेले आणि त्या बोलू लागल्या. तुमच्या गटातही हाच मार्ग चालेल : बोलायला सांगण्याआधी प्रत्येकीवर एखादे काम सोपवा.

प्रश्न : आमची गेवराई तालुक्यात कोरडवाहू जमीन आहे. वडील माळकरी असून पेरणी आटोपली की वारीला जातात. मी कृषी पदविका घेतली आहे. एका लोकप्रिय पुस्तकात मी वाचले की हवे ते मनापासून मागितले, ते मिळाल्याचे चित्र रोज डोळ्यांपुढे आणले आणि शंका घेतली नाही, तर ते मिळतेच. मी तसे केले. पावसाचा मोठा खंड पडला आणि सोयाबीन हातचे गेले. वडिलांची श्रद्धा जागची हलली नाही, पण ते हल्ली फारसे बोलत नाहीत. माझी श्रद्धा मात्र उरली नाही. श्रद्धा खरोखर काही करते का?

उत्तर : तुमच्या पत्राने आम्ही अस्वस्थ झालो आणि उत्तराचा आरंभ स्पष्ट बोलण्याने करतो. मनात आणले की मिळते, असे शिकवणारी पुस्तके कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हानी करतात. पाऊस पडला नाही याचा अर्थ तुमच्या इच्छेत खोट होती, असा त्यांच्या शिकवणुकीचा निष्कर्ष निघतो, आणि ज्याचे पीक गेले त्याच्या माथी अपराधाचे ओझे वर चढवले जाते. पावसाच्या खंडाची कारणे हवेत आणि समुद्रात असतात, तुमच्या मनात नव्हेत. ती शिकवण टाकून द्या. तिच्यासोबत श्रद्धा टाकण्याचे मात्र कारण नाही, कारण तुम्ही जे गमावले ती श्रद्धा नव्हती. ती अपेक्षा होती.

हा भेद ज्या पुस्तकांनी सर्वांत नेमका दाखवला, ती छळछावणीतून आणि तुरुंगातून आलेली आहेत. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतले आणि १९४६ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नोंदवले आहे की १९४४ चा नाताळ आणि १९४५ चे नववर्ष यांच्या दरम्यानच्या आठवड्यात छावणीतील मृत्यू वाढले. काम वाढले नव्हते, अन्न आणखी घटले नव्हते, नवी साथही नव्हती. नाताळापर्यंत आपण घरी जाऊ, ही अनेकांनी धरलेली आशा नाताळासोबत संपली होती. जिम कॉलिन्स यांच्या २००१ सालच्या पुस्तकात अमेरिकी नौदलाचे जेम्स स्टॉकडेल यांची हकीकत आहे. ते व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते. कैदेत कोण टिकले नाही, असे विचारल्यावर त्यांनी आशावाद्यांकडे बोट दाखवले : नाताळापर्यंत सुटू, मग ईस्टरपर्यंत सुटू, असे म्हणणारे दर वेळी खचत गेले. शेवटी आपण यातून बाहेर पडूच हा विश्वास कधीही सोडायचा नाही आणि त्याच वेळी आजची परिस्थिती कितीही कठोर असली तरी तिच्याकडे डोळेझाक करायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने धरून ठेवायच्या असतात, असे स्टॉकडेल यांचे सांगणे होते.

आता हेच आपल्या वावरात आणून पाहा. मृगाची पहिली सर आली की शेजारी तिफण काढतो, आपणही देवाचे नाव घेऊन पेरतो, नंतर उघडीप पडते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे, पुन्हा उसनवारी. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल तर आधी उगवण तपासावी लागते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेने मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि काही दिवसांनी उलगडून किती दाण्यांना चांगले कोंब फुटले ते मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर ते बियाणे शिफारस केलेल्या प्रमाणात पेरावे. कमी निघाले तर प्रमाण वाढवावे, फारच कमी असतील तर ते बियाणे बाजूला ठेवावे. जो शेतकरी असे दाणे मोजतो, त्याचा मातीवरचा विश्वास कमी असतो असे कोणी म्हणेल काय? उलट तो असल्यामुळेच तो एवढी काळजी घेतो. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरणे, पीक विम्याची मुदत न चुकवणे, सोयाबीनमध्ये तुरीची ओळ ठेवणे, हे सारे तुम्ही पदविकेत शिकलेले आहात. ते करणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

दासबोधातील ती सुप्रसिद्ध ओवी तुमच्या वडिलांना निश्चित पाठ असेल : ‘सामर्थ्य आहे चळवळेचें । जो जो करील तयाचें । परंतु तेथें भगवंताचें । अधिष्ठान पाहिजे ॥’ क्रम पाहा. सामर्थ्य करण्यात आहे, ते करील त्याचे आहे, आणि भगवंत पायाशी आहे. करणाऱ्याच्या ऐवजी तो शेतात उतरेल असे समर्थ म्हणत नाहीत. वडीलही पेरणी आटोपून वारीला निघतात, पेरणीच्या ऐवजी नव्हे. वारीत कोणी पावसाचा करार करून घेत नाही. सोबतच्या दिंडीत ज्यांचे पीक गेले तेही असतात, ज्यांचे साधले तेही असतात, आणि दोघे एकाच पंगतीला बसतात. वर्षानुवर्षे वडिलांना टिकवून धरणारी शक्ती याच सोबतीत असावी, असे आम्हांला वाटते. जालना जिल्ह्यातील कडवंचीनेही हेच वेगळ्या रीतीने दाखवले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली, पुढे शेततळी झाली आणि कमी पावसाच्या त्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. फळ दिसण्याआधी काही वर्षे बांधबंदिस्ती करत राहण्यासाठी जे लागते, त्याला आम्ही श्रद्धा म्हणतो.

वडील बोलत नाहीत, हे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे, पण आम्हांला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. पिकाचा विषय बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा आणि कर्जाचा आकडा, झोप, जेवण यांविषयी थेट विचारा. त्यांच्या दिंडीतील जुन्या सोबत्याला घरी बोलवा. मन फार खचले आहे असे वाटले तर टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. तुमच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. हे उद्यावर टाकू नका.

प्रश्न : मी नांदेडला पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि एका विद्यार्थी संघटनेत काम करते. नेत्यांच्या निर्णयावर प्रश्न विचारला की ‘तुझी श्रद्धा कच्ची आहे’ असे ऐकावे लागते. नेत्यावर श्रद्धा असलीच पाहिजे का?

उत्तर : कार्यावर श्रद्धा असावी, नेत्यावर विश्वास असावा आणि तो विश्वास वेळोवेळी तपासला जावा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा निश्चित मार्ग आहे. यापेक्षा स्पष्ट उत्तर आम्ही देऊ शकत नाही.

तुम्ही ज्या शहरात शिकता, तेथील इतिहासही तुमच्या बाजूने आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १६९९ साली खालसा पंथाची स्थापना करताना पाच प्यारे निवडले, त्यांना अमृत दिले आणि मग स्वतः त्यांच्यापुढे उभे राहून त्यांच्याच हातून अमृत घेतले. ज्यांना दीक्षा दिली त्यांच्याकडूनच दीक्षा घेणारा नेता जगाच्या इतिहासात विरळा. पुढे १७०८ साली नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी त्यांनी, शीख परंपरेनुसार, व्यक्तीकडे गुरुपद देण्याची प्रथा थांबवली आणि गुरू ग्रंथसाहिबालाच गुरू म्हणून स्थापित केले. हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या संत नामदेवांची ६१ पदे त्या ग्रंथात आहेत. एवढ्या मोठ्या अधिकाराच्या पुरुषाने आपल्या नंतर कोणा व्यक्तीपुढे नव्हे तर शब्दापुढे नतमस्तक व्हा असे सांगितले असेल, तर महाविद्यालयीन संघटनेच्या नेत्याला प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र बैठकीत, निर्णयाविषयी आणि पूर्ण माहिती घेऊन विचारा. पाठीमागे, व्यक्तीविषयी आणि ऐकीव माहितीवर विचारलेला प्रश्न त्यांना तुमच्यावर आरोप करायला जागा देतो. आणि उद्या पद तुमच्याकडे येईल तेव्हा पहिल्या वर्षाची एखादी मुलगी हात वर करील, तिला आधी बोलू द्या.

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाला या विषयांवरील पुस्तकांसाठी थोडा निधी मिळाला आहे. कोणती घ्यावीत? काही ज्येष्ठ म्हणतात की संतांचे ग्रंथ असताना परदेशी पुस्तके कशाला?

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे अर्धे मान्य करावे. ज्ञानेश्वरी, दासबोध आणि एकनाथी भागवत वाचनालयात असलेच पाहिजे, पण कपाटात नव्हे, टेबलावर, आणि सार्थ प्रतीच घ्याव्यात, म्हणजे तरुणांना अर्थ लागेल. मात्र कोवी, कार्नेगी, फ्रँकल यांना दाराबाहेर ठेवण्यात काही मिळणार नाही. त्यांचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत.

उपदेशाच्या पुस्तकांपेक्षा आत्मचरित्रांवर अधिक खर्च करा, असा आमचा आग्रह राहील. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य घ्या. सोवळेओवळे कसोशीने पाळणारी एक बाई पतीच्या धर्मांतराने कोलमडते, पुढे स्वतःच्या बुद्धीने श्रद्धेचा शोध घेते आणि हळूहळू जातिभेदाच्या पलीकडे जाते, हा प्रवास त्यात इतक्या प्रांजळपणे आला आहे की श्रद्धा आणि आत्मविकास यांवर वेगळे व्याख्यान लागत नाही. गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’ घ्या. डॉ. कलाम यांचे ‘अग्निपंख’ शाळकरी मुले आनंदाने वाचतात. १९७९ साली एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपक यानाचे पहिले उड्डाण फसले तेव्हा पत्रकारांना इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः सामोरे गेले आणि १९८० साली ते यशस्वी झाले तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले, हा कलामांनी सांगितलेला प्रसंगही वर्गात सांगण्याजोगा आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे तुमच्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, तेव्हा त्यांच्या आठवणींचे पुस्तक तुमच्या वाचनालयात नसणे योग्य होणार नाही.

पन्नास वेगवेगळी पुस्तके घेण्यापेक्षा दहा निवडा आणि प्रत्येकाच्या पाच प्रती घ्या, म्हणजे एकच पुस्तक पाच जणांना एकाच वेळी वाचून त्यावर बोलता येईल. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गावात असतील तर त्यांच्या मुलांना निघतानाच दोन-दोन पुस्तके पूर्ण हंगामासाठी द्यावीत आणि त्यासाठी अनामत घेऊ नये. काही प्रती हरवतील, काही फाटतील, तेवढी तरतूद निधीतच आधी करून ठेवावी.